पुन्हा, मोठ्यानं

समजा, तुम्ही आत्ता एका मुलीच्या शेजारी उभे आहात. मुलगी नऊ-दहा वर्षांची आहे. तिच्या एका हातात पाण्याची बाटली आहे आणि दुसऱ्या हातात आईच्या साडीचा पदर. दोघी एका मोठ्या फाटकासमोर थांबल्या आहेत, कारण फाटकाच्या मधोमध शिडी लावून एक माणूस फ्लेक्स बांधतो आहे. फ्लेक्सची एक बाजू वर गेली आहे, दुसरी अजून लोंबते आहे, त्यामुळं फोटोतला माणूस तिरपा होऊन हसतो आहे. दिसतंय का? मग तिच्याबरोबर तुम्हीही मान तिरपी करा आणि वाचा.

'डॉ. रामेश्वर सर यांना इंग्रजी विषयात पीएच.डी. मिळाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक : मित्रपरिवार, सिरसाळा.'

"मम्मी, यांना मिळाली पण?" मुलीनं विचारलं. तिचं नाव संबोधी.

"अजून नाही."

"मग आपण कशाला आलो?"

"द्यायची का नाही, ते ठरवायला," आई म्हणाली, आणि शिडीकडं बघून तिनं आवाज चढवला. "ओ दादा, तो फ्लेक्स खाली घ्या."

शिडीवरच्या माणसानं दातात धरलेली सुतळी काढली. तो विभागाचा शिपाई होता, धुळाजी.

"कावून? वाकडा झाला का?"

"वाकडा नाही, खोटा झालाय. परीक्षा व्हायचीय अजून."

धुळाजी हसला. "बाई, हितली रीतच हाय तशी. सकाळी फ्लेक्स, दुपारी जेवण. मधी ते जरा बोलणं-बिलणं आसतंय."

"मी त्या मधल्या बोलण्या-बिलण्याचीच आहे."

धुळाजीनं सुतळी खिशात कोंबली. शिडीवरून उतरला, चपला घातल्या, आणि मगच त्यानं नमस्कार केला. फ्लेक्स उतरवला तर सरांची मित्रमंडळी रागावतील आणि ठेवला तर या बाई, म्हणून त्यानं मधला मार्ग काढला. जुन्या वर्तमानपत्राचा एक तुकडा फाडून आणला आणि नावाच्या आधीच्या 'डॉ.'वर चिकटपट्टीनं लावून टाकला.

"आता झालं का खरं?"

"आता झालं," यशोधरा म्हणाली. संबोधीला वाटलं, आई हसेल. ती हसली नाही.

पीएच.डी. म्हणजे काय, ते आईनं संबोधीला गाडीत सांगितलं होतं. तुम्हालाही ठाऊक असलेलं बरं. एकाच गोष्टीचा चार-पाच वर्षं अभ्यास करायचा, त्यावर एक जाडजूड पुस्तक लिहायचं, त्याला प्रबंध म्हणतात. तो दुसऱ्या गावच्या विद्वानांनी वाचायचा. त्यांना तो पसंत पडला, की शेवटच्या दिवशी सगळ्यांसमोर उभं राहून आपला अभ्यास सांगायचा आणि कुणी काहीही विचारलं तर उत्तर द्यायचं. त्यानंतर नावाआधी 'डॉ.' लागतं. पण आपल्याकडं रीत अशी पडली आहे, की हा शेवटचा दिवस परीक्षेचा कमी आणि साखरपुड्याचा जास्त वाटतो. प्रश्न कुणी विचारायचे ते आदल्या दिवशीच मित्रांमध्ये वाटून दिलेलं असतं, आणि उत्तरं पाठ झालेली असतात. बाहेरून आलेले परीक्षक शाल-नारळ घेतात, चार गोड शब्द बोलतात, जेवतात आणि जातात.

यशोधरा दुसऱ्या विद्यापीठात प्राध्यापक होती आणि आज ती बाहेरून आलेली परीक्षक होती. इथल्या प्रमुखांनी तिला फोनवर सांगितलं होतं, "मॅडम, ऑनलाइनच घेऊ की. एवढ्या उन्हाचं कशाला येता?"

"नाही, मी येते," ती म्हणाली होती. "उमेदवाराचे वडील असतील ना हजर?"

"असतील की. त्यांच्याच लेकराचा दिवस हाय."

"मग मी येतेच."

बीड जिल्ह्यातल्या एका गावाबाहेर, माळावर, विद्यापीठाचं हे केंद्र आहे. इंग्रजी विभाग मागच्या बाजूला, दोन लिंबांच्या सावलीत. त्या दिवशी लिंबाखाली आचाऱ्यानं चूल मांडली होती आणि बुंदी पाडायचं काम चाललं होतं. व्हरांड्यात काचेच्या कपाटात 'बातम्या आणि कार्यक्रम' असा फलक होता. वाङ्मय मंडळाच्या उद्घाटनाचे फोटो, निबंध स्पर्धेचा निकाल, आणि मधोमध आजची सूचना. त्यात आईचं नाव छापलेलं बघून संबोधीनं काचेवर बोट ठेवलं. आईचं मात्र तिकडं लक्ष नव्हतं. ती पुढच्या वर्गाच्या दारापाशी उभी होती आणि तिचा हात कडीवर होता.

"तू इथंच शिकलीस ना, मम्मी?"

"ह्याच वर्गात."

"मग उघड ना. बघू दे मला."

आईनं कडी सोडली. "नंतर."

ती काय आठवत होती, ते संबोधीला ठाऊक नव्हतं. तुम्हाला सांगतो.

यशोधरा एम.ए.ला होती, तेव्हा इंग्रजीचे प्रमुख होते बबनराव सर. ते विद्यार्थ्यांना नावानं हाक मारत नसत, गावानं मारत. "नेकनूर, खिडकी लाव." "दिंद्रुड, खडू आण." यशोधरा होती 'लिंबागणेश'. दर शनिवारी एका विद्यार्थ्यानं उभं राहून स्वतः लिहिलेला निबंध वाचायचा, असा विभागाचा कार्यक्रम असे. यशोधराची पाळी आली. तिचे वडील सर्जेराव पोस्टात होते, पण घरात इंग्रजी बोलणारं कुणी नव्हतं. तिनं आजीवर लिहिलं होतं. आजी सरूबाई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची आणि नातीला खुरपता खुरपता गोष्टी सांगायची. निबंधाचं पहिलं वाक्य एवढंच होतं, की मी ऐकलेली पहिली गोष्ट माझ्या आजीनं वाकून, मान वर न करता सांगितली. ते वाक्य इंग्रजीत बसवायला तिला आठवडा लागला होता.

तिनं ते वाचलं.

"पुन्हा," सर म्हणाले.

तिनं पुन्हा वाचलं.

"पुन्हा. मोठ्यानं."

तिनं मोठ्यानं वाचलं. मागं कुणीतरी फिसकन हसलं. सर खुर्चीत मागं रेलले आणि त्यांनी हातानंच खूण केली, पुन्हा. असं किती वेळा झालं, ते तिनं मोजलं नाही. आवाज फाटायला लागला तेव्हा तिनं विचारलं, "सर, काय चुकलं?"

"ते कळत नाही, हेच चुकलं." वर्ग हसला. सरांना आणखी हसू हवं होतं. "सवलतीनं वर्गात येता येतं, बाई. वाक्यात येता येत न्हाई."

मग वर्ग इतका हसला, की पलीकडच्या खोलीतून इतिहासाचे सर बघायला आले. घंटा झाली, तेव्हा यशोधरा अजून पहिल्याच वाक्यावर उभी होती. दुसरं वाक्य कुणी ऐकलंच नाही.

अभ्यास आवडीनं करावा, असं मी तुम्हाला नेहमी सांगतो. पण अभ्यास रागानंही होतो. यशोधरानं तो रागानं केला. नोकरी, पदवी, पुस्तकं, बाहेरगावची आमंत्रणं, सगळं त्या रागानं मिळवलं. आणि गेल्या वर्षी तिच्या टेबलावर एक प्रबंध येऊन पडला. वर नाव रामेश्वरचं, आणि आतल्या पानावर वडिलांचं, बबनराव सरांचं : 'ज्यांनी मला इंग्रजीचं पहिलं वाक्य शिकवलं.'

ती ओळ तिनं बराच वेळ वाचली.

प्रबंध वाईट निघाला असता तर सोपं होतं. पण तो चांगला निघाला. बालाघाटाच्या डोंगरात मेंढरं राखणाऱ्या बायांची गाणी आणि इंग्रजीतली मेंढपाळांची कविता, असा विषय होता. पोरगा खरोखरच वाड्यावस्त्यांवर फिरला होता. ताराबाई नावाच्या एका म्हातारीची गाणी त्यानं अशी उतरवली होती, की यशोधरानं वाचता वाचता पेन खाली ठेवलं. तिनं चांगलाच अभिप्राय पाठवला, कारण खोटा अभिप्राय लिहिणं तिला जमलं नसतं. पण मौखिकी, म्हणजे शेवटच्या दिवसाची ती तोंडी परीक्षा, तिच्या हातात होती. आणि मौखिकीला वडील येणार होते.

प्रमुखांच्या खोलीत चहा आला. आता प्रमुख होते मुंजाजी. हाच तो एके काळचा 'दिंद्रुड'. आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बबनराव सर बसले होते. वाळले होते. पांढरा शर्ट गळ्याशी ढिला झाला होता. काठी गुडघ्यांत धरली होती आणि मांडीवर बांधायचा गुलाबी फेटा घडी घालून ठेवला होता, लेकासाठी. यशोधरा आत येताच ते काठीवर भार देऊन उठले आणि त्यांनी दोन्ही हात जोडले.

"या मॅडम, या. आमचं भाग्य. लई नाव ऐकून हाय तुमचं."

"सर, ओळखलं नाहीत?"

"आता वय झालं, मॅडम. तुमच्यासारखी मोठी मानसं आमाला कवा भेटायची?" ते हसले. तेच हसू होतं, फक्त वरचे दोन दात गेले होते. "रामेश्वर म्हनला, बाहेरच्या परीक्षक लई कडक हायेत. मी म्हनलं, आसू दे. कडक मास्तर चांगला. आमीबी कडकच होतो."

"हो," यशोधरा म्हणाली. "ते ऐकून आहे मी."

त्यांनी पेढ्यांचा डबा उघडून संबोधीपुढं धरला. संबोधीनं हात पुढं केला, तोच आई म्हणाली, "आत्ता नको. पेढे निकालानंतर."

संबोधीचा हात डब्यावर तसाच राहिला. सरांच्या खुर्चीमागून एक छोटी मुलगी हे बघत होती. दोन वेण्या, लाल रिबिनी, नवा कोरा फ्रॉक, आणि गालाला आधीच लागलेला पेढा. ती रोहिणी, रामेश्वरची लेक, सिरसाळ्याच्या शाळेत दुसरीला. तिनं संबोधीचा अंगठा धरला आणि ओढलं. "ताई, चल. बुंदी दावते."

दोघी पळाल्या. सर त्यांच्यामागून काठी टेकत गेले, "आगं, चुलीजवळ जाऊ नगा," असं ओरडत. खोलीत मुंजाजी आणि यशोधरा उरले.

मुंजाजीनं कपाला बशी नीट लावली. "यशोधरा, एक सांगू? जुनं काही काढू नकोस. पोरगं चांगलंय."

"माहितीय मला. वाचलंय मी."

"त्याच्या लेकीदेखत, बापादेखत... आज त्याचा दिवस हाय."

"माझाही होता, मुंजाजी. शनिवार होता."

"सगळेच हसले होते तवा."

"तू सगळ्यात मोठ्यानं हसला होतास."

मुंजाजीनं चहा प्यायला. तो गार झाला होता, तरी त्यानं फुंकर मारली.

सभागृह भरलं. पुढच्या रांगेत बबनराव सर, मागं सिरसाळ्याची मित्रमंडळी, त्यांच्या मागं विद्यार्थी, आणि अगदी शेवटी, दाराजवळच्या बाकावर, बुंदीनं हात चिकट झालेल्या संबोधी आणि रोहिणी. रामेश्वर उभा राहिला. निळा कोट त्याला खांद्यात मोठा होत होता. त्यानं पाण्याचा घोट घेतला, सगळ्यांना नमस्कार केला आणि इंग्रजीत पहिलं वाक्य म्हटलं. ते ताराबाईबद्दल होतं. चांगलं वाक्य होतं.

"पुन्हा," यशोधरा म्हणाली.

रामेश्वरला वाटलं, माइक लागला नसेल. त्यानं माइकवर टिचकी मारली आणि पुन्हा म्हटलं.

"पुन्हा. मोठ्यानं."

मराठीत बोलत होती ती. सभागृहात कुजबुज झाली. रामेश्वरनं मोठ्यानं म्हटलं. ती खुर्चीत मागं रेलली. तिनं हात उचलला आणि नुसती खूण केली. पुन्हा.

मित्रमंडळींपैकी एकाला वाटून दिलेला प्रश्न आताच विचारून टाकावा असं वाटलं. तो अर्धा उठला. मुंजाजीनं त्याला डोळ्यांनी बसवलं. रामेश्वरच्या कपाळावर घाम आला. तो म्हणत होता, ती खूण करत होती. वाक्य तेच होतं, पण दर वेळी त्यातला एकेक शब्द मरत होता. ताराबाईचं नाव घेताना त्याचा आवाज चिरकला आणि मागं विद्यार्थ्यांत कुणीतरी हसलं. बाकावर रोहिणीनं संबोधीकडं बघितलं. "पप्पांना येत न्हाई का?"  संबोधी आईकडं बघत होती. असा आवाज आईनं घरी कधी काढला नव्हता, आणि तो ऐकून सगळी मोठी माणसं कशी गप्प बसली होती!

शेवटी रामेश्वरनं टेबल धरलं. "मॅडम, काय चुकलं?"

यशोधरानं त्याच्याकडं बघितलं नाही. ती पहिल्या रांगेकडं बघत होती.

"ते कळत नाही, हेच चुकलं."

बबनराव सरांचा हात मांडीवरच्या फेट्यावर थांबला. ते जरासे पुढं वाकले. डोळे बारीक करून त्यांनी मंचावरच्या बाईकडं बघितलं, मग आपल्या लेकाकडं, मग पुन्हा बाईकडं. ओठ हलले. सभागृह इतकं शांत होतं, की पुटपुटणंही शेवटच्या बाकापर्यंत गेलं.

"लिंबागणेश?"

"हो, सर," यशोधरा म्हणाली. "हजर आहे."

सर उठायला लागले. काठी फरशीवर घसरली, शेजारच्यानं सावरलं. "मॅडम, आवो, त्याचा काय दोष? तुमी मला—"

"सर, बसा. खुली मौखिकी आहे. प्रेक्षकांना काही विचारायचं असेल तर शेवटी." मग ती रामेश्वरकडं वळली आणि अगदी साध्या, रोजच्या आवाजात इंग्रजीत म्हणाली, "पुढं चला."

तो पुढं गेला. तिनं त्याला खरे, अवघड प्रश्न विचारले. त्यानं अडखळत, पाणी पीत, पण खरी उत्तरं दिली. वाटून दिलेले प्रश्न कुणी विचारलेच नाहीत. तिनं सही केली, उठून निकाल जाहीर केला, प्रबंधाचं कौतुक केलं, आणि त्यातला एक शब्दही खोटा नव्हता. टाळ्या वाजल्या, पण त्या पावसाच्या पहिल्या चार थेंबांसारख्या तुटक. मुंजाजी फेटा घ्यायला वळला तेव्हा लेकाचा बाप जागेवर नव्हता. खुर्चीवर गुलाबी घडी तेवढी होती. बाहेर धुळाजीनं शिडी लावून फ्लेक्सवरचा वर्तमानपत्राचा तुकडा ओढून काढला. त्याबरोबर रंगाचा थोडा पोपडाही निघाला.

खोटं कशाला सांगू? यशोधराला गोड वाटलं. इतकी वर्षं जे वाटेल असं तिला वाटत होतं, त्याहून गोड. म्हातारा 'लिंबागणेश' म्हणाला, तेव्हाचा त्याचा चेहरा तिनं मनात नीट ठेवून दिला, दिवाळीची साडी ठेवतात तसा. फोटोसाठी उभं राहताना ती पहिल्यांदा हसली. शाल तिनं घेतली. नारळही घेतला. जेवायला चला म्हणून लोक मागं लागले, तशी ती म्हणाली, "आधी लेकीला बघते."

संबोधी मागच्या बाकावर नव्हती. चुलीपाशी नव्हती. यशोधरा व्हरांड्यातून फलकाच्या पुढं आली, आणि त्या वर्गाची कडी काढलेली दिसली. दार अर्धं उघडं होतं.

"पुन्हा," आतून आवाज आला.

तिला क्षणभर कळलंच नाही, की तो कुणाचा आवाज आहे. मग कळलं. तो तिचाच होता, फक्त लहान.

"माय नेम इज रोहिणी," दुसरा आवाज म्हणाला.

"पुन्हा. मोठ्यानं."

"माय नेम इज रोहिणी!"

यशोधरानं दाराच्या चौकटीला हात टेकला. सरांच्या खुर्चीत संबोधी बसली होती. पाय जमिनीला पुरत नव्हते, पण ती मागं रेलली होती. मांडीवर लाकडी पट्टी होती. फळ्यापाशी रोहिणी उभी होती, हात मागं बांधून. एका वेणीची रिबीन सुटून खांद्यावर आली होती. संबोधीनं हात उचलून नुसती खूण केली. अगदी तशीच.

"माय नेम इज रोहिणी." आता आवाजात पाणी आलं होतं.

मागं फरशीवर काठीचा आवाज झाला. नातीला शोधत बबनराव सर आले होते. ते यशोधराच्या शेजारी येऊन थांबले. दार दोघांना पुरेल एवढंच उघडं होतं. यशोधरा आत जायला वळली, तेव्हा सरांनी काठी आडवी धरली. रागानं नाही, चालता चालता माणूस थांबतो आणि काठी पुढं राहते, तशी. आत मुलींना काही दिसलं नव्हतं.

"ताई," रोहिणीनं नाक ओढलं, "माझं काय चुकलं?"

आता तुम्हीही थांबा थोडे. संबोधीला या प्रश्नाचं उत्तर पाठ होतं. तिनं ते थोड्या वेळापूर्वीच ऐकलं होतं, आणि ते ऐकून सभागृह कसं गप्प झालं, तेही बघितलं होतं. दारातल्या दोघांनाही ते उत्तर ठाऊक होतं. एकानं ते बनवलं होतं, एकीनं ते जपलं होतं. दोघंही आता ते नऊ वर्षांच्या तोंडून यायची वाट बघत होते, आणि दोघांतल्या एकालाही हलता येत नव्हतं.

संबोधीनं तोंड उघडलं. मग मिटलं. पट्टीनं आपलाच गुडघा खाजवला. रोहिणीकडं बघितलं, तिच्या सुटलेल्या रिबिनीकडं बघितलं.

"मला काय माहीत," ती म्हणाली. "काहीच नाही चुकलं बहुतेक."

"मग कावून सारकं सारकं म्हनाय लावतीस?"

 संबोधी खुर्चीतून घसरून खाली उतरली आणि तिनं पट्टी रोहिणीच्या हातात दिली. खेळात ज्याचा डाव संपतो त्यानं दुसऱ्याला डाव द्यायचा असतो, हे कुठल्याही मुलीला कुणी शिकवावं लागत नाही.

"घे. आता तुझा डाव. तू सर हो, मी उभी राहते."

ती फळ्यापाशी गेली. हात मागं बांधले. मान ताठ केली. रोहिणी खुर्चीवर चढून बसली, तिला त्यासाठी गुडघा टेकवावा लागला. डोळे फ्रॉकच्या बाहीनं पुसले. पट्टी मांडीवर ठेवली आणि आजोबा बसतात तशी ती मागं रेलून बसली.  यशोधराच्या खांद्यावरची शाल घसरली, ती तिनं उचलली नाही.

"माय नेम इज संबोधी," संबोधी म्हणाली आणि वाट बघत उभी राहिली. आता काय येणार ते तिला माहीत होतं. तिनं पुन्हा म्हणायला श्वासही भरून घेतला होता.

रोहिणीनं पट्टी उचलली. ती आता डाव घेणार होती. तिला रडू आलं होतं, आणि ते कुणामुळं आलं तेही तिला ठाऊक होतं. तिनं पट्टी हवेत तशीच धरली, थोडा वेळ.

"बरं," ती म्हणाली. "पुढचं म्हन."